धूर खंय सोडता?

सोसायटीच्या फळ्यावर काल सूचना लागली. 'उद्या सकाळी दहा ते सायंकाळी पाच केबलच्या कामासाठी वीजपुरवठा बंद राहील. सभासदांनी सहकार्य करावे.' खाली सेक्रेटरींची सही. या 'सहकार्य करावे'शी माझं जुनं भांडण आहे. वीज नसताना माणसानं नेमकं काय सहकार्य करायचं असतं? पंखा लावू नये, तर तो लागणारच नसतो. लिफ्ट वापरू नये, तर आमच्या तीन मजली इमारतीला लिफ्टच नाही. राहता राहिली माझी आई. तिनं सहकार्य करायचं म्हणजे सात तास श्वास जरा बेतानं घ्यायचा.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिची फुफ्फुसं थकली आहेत, आणि त्यांचं निम्मं काम पलंगाशेजारचं ऑक्सिजनचं मशीन करतं. ते खोलीतली हवा ओढून घेतं, तिच्यातला ऑक्सिजन गाळतं आणि लांबलचक नळीतून आईच्या नाकापाशी पोचवतं. ओढताना घुर्र, सोडताना फस्स. हा आवाज आमच्या घरात इतका मुरला आहे की पाहुणे दचकतात तेव्हाच आम्हाला त्याची आठवण होते. मशीन विजेवर चालतं. वीज म्हणजे आमच्या भाषेत लाईट. लाईट गेली की घुर्र-फस्स थांबतं, मशीन एक लांब शिट्टी मारतं आणि मग घर असं गप्प होतं की मला ते सहन होत नाही.

फळ्यावरची सूचना वाचताना ती शिट्टी मला आधीच ऐकू आली. मे महिना, तापलेलं अंगण, नाल्याकडच्या झाडाखाली फुटलेल्या जांभळांचे डाग, कोपऱ्यावर पाटीत करवंदं घेऊन बसलेली बाई. दोन वर्षांपूर्वीचा असाच आख्खा मे महिना मी ती शिट्टी ऐकत काढला होता.

त्या वर्षी शेजारची इमारत पाडली. आमच्या बोरीवलीत आता हे इतकं रोजचं झालंय की अमुक इमारत 'रिडेव्हलपमेंटला गेली' हे लोक कुणीतरी वारल्यासारखं सांगतात. तिथं टॉवरचा पाया खणायला जेसीबी आला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या दातात आमची केबल सापडली. ती जोडली. चार दिवसांनी पुन्हा तुटली. मग जोडलेला जोड तापून जळायला लागला. कधी दोन तास, कधी सहा, कधी सकाळी नऊला गेलेली लाईट संध्याकाळी चहाच्या वेळेला परत. धूळ तर विचारू नका. सकाळी पुसलेल्या टीव्हीवर दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं. आम्ही सगळ्या खिडक्या बंद करून बसायचो, उकाड्यात, आईला धूळ नको म्हणून.

मुंबईच्या माणसाला लाईट जायची सवय नाही. गावाकडं गेली तर माणसं बोलणंसुद्धा थांबवत नाहीत. इथं गेली की सगळी इमारत गॅलरीत येते आणि एकमेकांना विचारते, "तुमच्याकडे पण गेली?" सगळ्यांकडे गेलेली असली की बरं वाटतं. आणि आली की पोरं "आलीऽऽ" म्हणून ओरडतात, आणि आमची आई हात जोडते. संध्याकाळी दिवा लावल्यावर जोडतात तसे, ट्यूबलाईटकडे बघत. पूर्वी मला याचं हसू यायचं. त्या महिन्यात मी तिच्या जोडलेल्या हातांची वाट बघत बसायला शिकलो.

घरात एक छोटा सिलिंडर होता. तो दोन तास पुरायचा, आईनं फार बोललं नाही तर. मोठा मागवला की तो 'निघालाय, रस्त्यातच आहे' हे दुपारभर फोनवर ऐकायचं. इन्व्हर्टरही होता, पण त्याची जुनी बॅटरी तासाभरात मान टाकायची, आणि ती भरायची तर परत लाईटच हवी. सिलिंडर संपत आला की आई भिंतीला पाठ टेकून बसायची, ओठांचा चंबू करायची आणि हळूहळू श्वास सोडायची. हा व्यायाम तिला हॉस्पिटलातल्या एका मुलीनं शिकवला होता. ती मुलगी फार मन लावून शिकवत होती, आणि आई तिला म्हणाली, "ह्यां माका शिकवतंस? जल्मभर चूल फुंकलंय मी." खरंच तसंच दिसायचं ते. लाईट नसलेल्या दुपारी आई भिंतीशी बसून न दिसणारी चूल फुंकत राहायची, आणि मी समोर बसून घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करायचो.

अशा एका दुपारी मी ठरवलं, जनरेटर घ्यायचा.

सुट्टी होती. नववीचे पेपर तपासून दिले होते. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे घरात तार, स्क्रू किंवा बटण असलेली कुठलीही वस्तू आपोआप माझ्या वाट्याला येते. मी एक वही घेतली, तिच्यात रकाने आखले आणि भर उन्हात एस. व्ही. रोडवरच्या दुकानांच्या पायऱ्या चढायला लागलो.

"सर, किती लाईट चालवायच्या?" पहिल्या दुकानातल्या माणसानं विचारलं.

"लाईट नाही हो. ऑक्सिजनचं मशीन."

"म्हणजे एसी?"

"एसी नाही. ऑक्सिजन. पेशंटचं."

"मग हा घ्या ना सर, ह्याच्यावर एसी पण चालेल."

सगळ्या दुकानांत हे असंच. फ्रिज चालेल, मिक्सर चालेल, लग्नात डीजे चालेल. माणूस चालेल का, हे कुणाला सांगता येत नव्हतं. मला हवं होतं ते साधं होतं. आईचं मशीन चालू होताना पहिल्या झटक्याला दुप्पट वीज ओढतं, तो झटका सोसेल असा. वीज एकसारखी देणारा, कारण मशीन नाजूक. आणि उचलून पहिल्या मजल्यावर नेता येईल असा. पत्रकांवर तर लिहिलेलंच होतं, 'उचला आणि कुठेही न्या', सोबत हसऱ्या बाईचं चित्र. एका दुकानात रॉकेलवर चालणारा जुना जनरेटर होता. रॉकेल म्हटल्यावर एकदम लहानपणचा स्टोव्ह नाकात आला, आणि तो मी तिथंच यादीतून काढला. आता रॉकेल मिळतंय तरी कुठं.

मग आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई. चांगला माणूस. जिन्यात गाठून म्हणाले, "सर, तुमच्या मम्मीसाठी आपली ना नाय. पण आवाज नाय पाहिजे. माझ्या वाइफला मायग्रेन छे, तुम्हाला माहिती ना." मला माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाई दिवसा पडदे ओढून पडलेल्या असतात. एकाच्या श्वासासाठी दुसऱ्याच्या डोक्यात घण घालायचे कसे? तेव्हापासून माझ्या वहीतला आवाजाचा रकाना सगळ्यांत मोठा झाला. मी दुकानदारांना जनरेटर चालू करायला लावायचो आणि फोनवर आवाज मोजायचो. चार दुकानं झाली, सात झाली. पायांना गोळे आले. माझी बायको माधवी म्हणाली, "अहो, लग्न ठरवताना तरी इतकी चौकशी केली होती का?" मी चिडलो. चिडायलाही खरं म्हणजे त्राण नव्हतं.

समोरच्या गावठाणातले पास्कल काका मात्र म्हणाले होते, "घेतलास की मला हाक मार. मी चालू करून देतो. ह्या मशीनी आपल्या अंगावरच्या." काकांचे वडील मासेमारी करायचे आणि काका जन्मभर लग्नांच्या मांडवात दिवे लावायचे. होडीचं इंजिन आणि मांडवाचा जनरेटर, दोन्ही त्यांनी हातानं खोललेली. पण मी विज्ञानाचा मास्तर. मी म्हटलं, "हो, हो, बघू."

संध्याकाळी मी आईला पत्रकं वाचून दाखवायचो. तिला समजेल अशा शब्दांत, म्हणजे वर्गात बोलतो तसं. किती वॅट, किती लिटर, किती तास, किती आवाज. ती डोळे मिटून ऐकायची. एक दिवस सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "ता सगळां ठीक आसा. पण ह्यां मशीन धूर खंय सोडता?"

"मागून सोडतं आई. थोडासाच असतो," मी म्हटलं आणि पुढचं पत्रक काढलं.

वहीत अकरा रकाने होते. धुराचा नव्हता.

धूर हा विषय आईला विचारायचा, मला नाही. कोकणातल्या घरात ती वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत चुलीपुढं होती. लग्न होऊन परळच्या खोलीत आली, तिथं सकाळी पाण्यासाठी भुशाची शेगडी आणि स्वयंपाकाला रॉकेलचा स्टोव्ह. वडील गिरणीत, त्यांची पाळी बदलली की आईच्या चुलीचीही वेळ बदलायची. खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यासमोर दुसऱ्या चाळीची भिंत. भुसा ओला असला की पिवळट धूर जमिनीपासून वर चढत जायचा, आधी घडी केलेल्या अंथरुणापर्यंत, मग फडताळापर्यंत, मग देवांच्या तसबिरींपर्यंत. तो मला आजही वास म्हणून आठवत नाही, डोळ्यांतली चुरचुर म्हणून आठवतो. आई हातात फुंकणी घेऊन माझ्याकडे न बघताच म्हणायची, "भायर जा रे, धूर लागतलो." मग मी पुस्तक घेऊन बाहेरच्या सामाईक गॅलरीत जाऊन बसायचो. शेजारी धुरासाठी कुरकुर करतात म्हणून आई आतून दार लोटून घ्यायची. मी बाहेर पाढे पाठ करायचो आणि आतून तिच्या खोकण्याचा आवाज यायचा. तेव्हा तो मला स्वयंपाकाचाच एक आवाज वाटायचा, भांड्यांसारखा. तिला कुणी कधी 'भायर जा' म्हटल्याचं मला आठवत नाही. मीही म्हटलं नव्हतं.

सगळ्यांत कमी आवाजाचा जनरेटर मी शुक्रवारी पसंत केला. पण दुसऱ्या दिवशी शनिवार, आणि शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही हा आमच्या घरचा नियम. आईनं सांगितलं, मी मानलं. एक दिवस तो दुकानातच राहिला. त्या शनिवारी नेमकी चार तास लाईट नव्हती.

रविवारी तो आला. लाल रंगाचा, हँडल असलेला, भल्या मोठ्या सुटकेसएवढा. पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, म्हणून मी माझ्या स्कूटरमधून नळीनं काढलं. त्या भानगडीत एक घोट तोंडात गेला आणि दिवसभर ती चव जिभेवर राहिली. पास्कल काका भाचीच्या लग्नाला वसईला गेले होते, मंगळवारी येणार होते. मंगळवारपर्यंत थांबणं मला जमलं नाही.

नवी वस्तू घरात आली की तिची पूजा होते. आमच्याकडे फ्रिजची झाली आहे, स्कूटरची झाली आहे, मिक्सरच्या भांड्यालाही हळदकुंकू लागलं आहे. आईनं आपली खुर्ची हॉलमध्ये आणायला लावली, नाकातल्या नळीसकट येऊन बसली. माधवीनं टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. झेंडूचा हार घातला. मी मोरीत नारळ फोडला. दिवा आणि उदबत्ती मात्र मी लावू दिली नाही. ऑक्सिजन चालू आहे, शेजारी पेट्रोल आहे, ठिणगी कशी चालेल? हे मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं, वर्गात सांगतो तसं. इतका काळजी घेणारा माणूस मी.

"दिवो नाय, उदबत्ती नाय," आई म्हणाली. "निदान चालू करून तरी दाखव. शकुनाक."

मी वाटच बघत होतो. मला तो आवाज, म्हणजे आवाज नसणं, सगळ्यांना ऐकवायचं होतं. दोरी ओढली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो सुरू झाला. खरोखर मऊ आवाज होता. "बघ," मी आईला म्हटलं, "बोलताना कळतसुद्धा नाही." आणि मी बोलत राहिलो. वॅटबद्दल, तासांबद्दल. नव्या इंजिनातलं तेल जळून निळसर धूर मागच्या भिंतीवर आपटत होता आणि वळून परत येत होता. धुळीसाठी सगळ्या खिडक्या बंद. दोन मिनिटं झाली असतील, फार तर तीन.

"अहो, बंद करा!" माधवी ओरडली. "आईंकडे बघा!"

आई काही बोलत नव्हती. ओठांचा चंबू केला होता तिनं, पण श्वास आतही जात नव्हता आणि बाहेरही येत नव्हता. ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे झाले होते. माधवीनं धडाधड खिडक्या उघडल्या, मी जनरेटर बंद केला, की आधी आईला उचललं, हे आता क्रमानं आठवत नाही. रिक्षात सिलिंडर मांडीवर धरून बसलो होतो एवढं आठवतं. माझ्या शर्टाला झेंडूची पाकळी चिकटली होती.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होती. आईला मास्क लावला, रक्त घेतलं. थोड्या वेळानं विचारलं, "घरी काय झालं? धूर, अगरबत्ती, काही?"

आईनं मास्क बाजूला केला. "बाजूक काम चालू आसा," ती म्हणाली. "धूळ गेली."

एका श्वासात चार शब्द यायचे तिला तेव्हा. त्यातला एक पूर्ण श्वास तिनं माझ्यासाठी खोटं बोलण्यात घालवला. ते खोटं मला क्षणभर आवडलंही. कबूल करतो. धूळ म्हटलं की सगळं टॉवरच्या अंगावर गेलं असतं, जेसीबीच्या, कॉन्ट्रॅक्टरच्या.

"नाही डॉक्टर," मी म्हटलं. "जनरेटर होता. घरात चालू केला. मी."

तिनं लिहिता लिहिता वर बघितलं. "खिडक्या?"

"बंद होत्या."

"तुम्ही काय करता?"

"विज्ञान शिकवतो."

ती खाली मान घालून लिहीत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

बंद जागेत इंधन जाळलं की ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नये. हे मी किती वर्षं फळ्यावर लिहीत आलो. याखाली मुलांना रेघ मारायला लावतो, कारण परीक्षेत येतं. पण ती शेगडी पुस्तकातली होती, कुठल्या तरी थंड गावातली. माझ्या हॉलमधल्या, हार घातलेल्या, लाल मशीनचा आणि त्या धड्याचा काही संबंध आहे असं माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात आवाज होता, शहाभाई होते, शनिवार होता, पूजा होती. आणि जिनं एकटीनं बरोबर प्रश्न विचारला होता तिला मी 'थोडासाच' म्हणून गप्प केलं होतं.

आई पाच दिवस हॉस्पिटलात होती. तिथं लाईट गेली तर पाचपर्यंत मोजायच्या आत यायची. तिसऱ्या दिवशी तिला बसतं केलं, तेव्हा मी तिच्या पायाशी बसून म्हटलं, "आई, चुकलं माझं." तिनं हात हलवला, माशी वारावी तसा. "चुलीचो धूर, शेगडीचो धूर, स्टोव्हचो धूर," मध्ये श्वास घेत ती म्हणाली, "तुझ्या दोन मिनिटांनी काय होतला?" तिला वाटलं, आपण धीर देतोय. मी उठून पाणी आणायला गेलो आणि बराच वेळ परत आलो नाही.

घरच्या मशीनवर मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन सोडायचा तो आकडा आधी दोनवर असायचा. हॉस्पिटलातून आली तेव्हापासून तो तीनवर आहे. डॉक्टर म्हणतात, या आजारात तो तसाही वाढला असता. काही दिवशी माझा त्यावर विश्वास बसतो.

पास्कल काका वसईहून आले ते लग्नातल्या लाडवांचा डबा घेऊनच. ऐकलं आणि डबा तसाच खाली ठेवला. "घरात? मशीन घरात चालू केली तू? मास्तर ना तू? शेंबड्या पोराला पण कळतं रे!" त्यांना मी थांबवलं नाही. कुणीतरी हे म्हणायला हवंच होतं. भरपूर बोलून झाल्यावर ते गॅलरीत गेले आणि नुसते उभे राहिले.

"काय बघताय, काका?"

"वारा. बापाच्या होडीत मशीन मागे असायची, माणसं पुढे. कशाला? धूर मागच्या मागे जावा म्हणून. तू सगळं बघितलं, वारा बघितला काय?"

वाऱ्याचाही रकाना नव्हता माझ्या वहीत. आमच्याकडे दुपारचा वारा खाडीकडून, पश्चिमेकडून येतो. काकांनी जनरेटर कंपाउंडच्या पूर्वेच्या टोकाला नेला, इमारतीपासून लांब, नाल्याकडच्या भिंतीशी, धुराचं तोंड बाहेर करून. वर पत्रा बांधला. तिथून जाड केबल आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आणली. केबल बांधताना खाली शिडी धरून कोण उभं होतं, तर शहाभाई. "इथून तर आवाज येतच नाय ना, सर," ते म्हणाले आणि शिडी आणखी घट्ट धरली. ठरलं ते असं: जनरेटर चालू असताना त्या बाजूची खिडकी बंद ठेवायची, आणि मी पूर्ण वेळ खाली थांबायचं.

गेली दोन वर्षं मी असा खाली थांबतो. वर्षातून चार-पाच वेळा येते अशी वेळ. नववीला तो धडाही येतो दर वर्षी. आता मी मुलांना रेघ मारायला सांगत नाही. खडू ठेवतो आणि विचारतो, "तुमच्या घरात धूर कुठून येतो, आणि तो कोणाच्या नाकात जातो?" मुलं एकमेकांकडे बघतात. परीक्षेत येणार नाही असा प्रश्न सरांनी का विचारला, हे त्यांना कळत नाही. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मम्मीच्या," आणि लगेच खाली बसली.

माणूस काळजीनं थकतो असं म्हणतात. मला वाटतं, तो निवडण्यानं जास्त थकतो. हा डॉक्टर की तो, ही गोळी की ती, हा जनरेटर की तो. आपण वह्या आखतो, रकाने भरतो, आणि जे चुकायचं ते रकान्यांच्या बाहेर उभं असतं. मी थकलोय. आईची बहीण फोनवर म्हणते, "तू तिचां सगळां करतस, पुण्य लागतला." मला पुण्य नको असतं. एक आख्खी दुपार झोप हवी असते.

आज सकाळी दहाला दोन मिनिटं असतानाच मी खाली येऊन बसलो. सोबत पाण्याची बाटली, टोपी, प्लॅस्टिकची खुर्ची. दहा वाजले. वर पंखे थांबले ते खालूनही कळलं, कारण गॅलऱ्यांमधून माणसं बाहेर आली. "तुमच्याकडे पण गेली?" अहो, फळ्यावर लिहिलंय! मी दोरी ओढली. दुसऱ्या हिसक्याला मशीन लागलं. माधवीनं मागच्या गॅलरीतून हात वर केला, म्हणजे घुर्र-फस्स सुरू झालं.

बारा वाजले. ऊन डोक्यावर आलं तसा मी खुर्ची सावलीला सरकवत सरकवत पत्र्याखाली आणली. डोळ्यांवर झापड होती. टोपी तोंडावर ओढून मी किती वेळ बसलो कोण जाणे. वारा मध्येच पडला असावा. दुपारी पडतो कधी कधी. मला काही कळलं नाही, नुसतं जुन्या ओळखीचं काहीतरी डोळ्यांत चुरचुरायला लागलं होतं.

तेवढ्यात वरून खिडकी उघडल्याचा आवाज आला. बंद ठेवायची ठरलेली, तीच. मी टोपी बाजूला केली. खिडकीत आई उभी होती. एका हातानं गज धरलेला, नाकात नळी. पलंगापासून तिथवर ती एकटी चालत आली होती. हल्ली जेवायला बसते तेव्हासुद्धा तिला मध्ये थांबावं लागतं.

"बाजूक हो रे!" ती ओरडली. मग थांबली, ओठांचा चंबू करून श्वास सोडला, नवा घेतला, आणि उरलेला सगळा आवाज एकदम खर्च केला. "धूर लागतलो!"

जनरेटर सगळ्यांत कमी आवाजाचा घेतला होता, म्हणून ते मला ऐकू आलं. मी खुर्ची उचलली आणि उन्हात जाऊन उभा राहिलो. तरी ती खिडकीतून हलेना. हातानं खुणावत होती, आणखी लांब, आणखी.

"आई, खिडकी लाव!" मी खालून ओरडलो. "तू आत जा!"